चिंचेपासून दोनशे दहा पायडल

पाऊस थांबून बारा दिवस झाले. कोरेगावातून रहिमतपूरच्या दिशेने निघालं आणि मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलं, की औंधच्या डोंगराच्या रोखाने जाणारा एक अरुंद डांबरी रस्ता लागतो. समोरासमोर दोन जीप आल्या तर एकीला चाक मातीत उतरवावं लागतं, एवढीच त्याची रुंदी. आज सकाळी पहिल्या गावाच्या अलीकडे त्या रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं होतं. अर्धा रस्ता सोयाबीनला, अर्धा वाहनांना. सायकलचं पुढचं चाक शेंगांवर गेलं आणि खालून बारीक तडतड सुरू झाली. हंगाम भरात आला, हे मला दरवर्षी असं चाकाखालून कळतं.

हा हंगाम पंचांगात नाही. पाऊस सरतो तिथून साखर कारखान्याचं धुराडं पेटतं तिथपर्यंतचे हे पाच-सहा आठवडे. पावसात या रस्त्याचे खड्डे पाण्याखाली असतात. कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टर येतात, एकेकामागे दोन ट्रेलर आणि ट्रेलरच्या दोन्ही अंगांना लोंबणारा ऊस. मग सायकलवाल्याच्या वाट्याला कडेचा मुरूम तेवढा उरतो. मधल्या दिवसांत मात्र रस्ता रिकामा असतो. किती रिकामा, हे एका रविवारी मोजलं होतं. सकाळी आठ ते अकरा या वेळात सात वाहनं भेटली. त्यांत एक एसटी, एक दुधाचा टेम्पो, बाकीच्या मोटारसायकली. एका मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर बोकड होता.

मोजायची सवय माझी नव्हती. ती सुभेदारांची.

जिल्ह्याच्या एका दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं उपसंपादक होतो. सुभेदारांच्या गावातल्या एका जवानाच्या स्मृतिदिनाची बातमी आम्ही छापली आणि तीत नाईकाला शिपाई केलं. तिसऱ्या दिवशी एक उंच, वाळका माणूस कार्यालयात आला. पायजम्याला सायकलची क्लिप तशीच होती. त्याने कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि हुद्द्यावर बोट ठेवलं.

"मेल्यावर डिमोशन झालेलं म्या पल्टणीत बी बघितलं न्हवतं," ते म्हणाले.

आम्ही तीन ओळींची दुरुस्ती छापली. ती बरोबर आली आहे का, हे पाहायला ते पुन्हा आले. कोरेगावच्या पलीकडून साताऱ्यापर्यंत, दोन्ही वेळा सायकलने. त्यांचं नाव हणमंतराव. सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. मला ते संपादक म्हणायचे. मी उपसंपादक आहे, असं एकदा सांगून पाहिलं.

"उप ऱ्हाऊ द्या. बोलायला लांब हुतंय."

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून मी गिअरची सायकल घेतली. ती घेऊन पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्यांनी तिला एक प्रदक्षिणा घातली, गिअर मोजले आणि विचारलं, "एवढ्या गिअरात घरला यायचा कुठला?" त्यांची स्वतःची सायकल काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर, पुढे घंटी. तिला ते दर रविवारी तेल द्यायचे. ती चालताना आवाज करत नसे. माझ्या सायकलचं फ्रीव्हील पाय थांबले की टकटक करायचं, चांगलं पन्नास पावलांवर ऐकू जाईल इतकं.

असे आम्ही नऊ हंगाम हिंडलो. दर रविवारी मी कोरेगावातून त्यांच्या दारात जायचो आणि तिथून पुढे दोघं. कधी औंधच्या पायथ्यापर्यंत, कधी पुसेसावळीकडे उतरून सांगलीच्या हद्दीला शिवून परत. म्हसवडपर्यंत एकदाच गेलो आणि परतताना सायकली एसटीच्या टपावर टाकून आलो. चढ, उतार, पुन्हा चढ. सपाटी कुठेच फार वेळ टिकत नाही. चढाला दोन्ही बाजूंनी ऊस असला की वारा लागत नाही, आणि माथ्यावर आलं की एकदम ज्वारीची नुकती उगवलेली हिरवी रानं आणि गार हवा. आल्याच्या वाफ्यांचा ओला, तिखट वास. वरती कुठेतरी चंडोल ओरडत असतो आणि कितीही मान वर केली तरी दिसत नाही.

सुभेदारांनी हा सगळा रस्ता पायडलांत मोजून ठेवला होता. पायडलचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक. त्यांच्या दारापासून चिंचेपर्यंत तीनशे साठ. चिंच रस्त्याच्या डाव्या अंगाला, एकटी, बुंध्यात पोकळ. चिंचेपासून डाव्या वळणापर्यंत दोनशे दहा. वळण आंधळं, त्याच्या उजव्या हाताला उतरती घळ. वळणापासून चढाच्या पायथ्यापर्यंत नव्वद. हे कशासाठी मोजलं, असं मी विचारलं होतं.

"पल्टणीत रातच्याला नकाशा बघायला बत्ती लावता येत न्हाई," ते म्हणाले. "पायानं मोजलेलं आंधारात बी दिसतं."

मला ते वाक्य आवडलं होतं. तेव्हा मी ते मथळा म्हणून कसं दिसेल, एवढाच विचार केला.

तो हंगाम चार वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी पहिल्याच रविवारी त्यांनी वेळ बदलली. आधी आम्ही उजाडता निघायचो, त्यांनी आठ सांगितले. "ऊन पडू द्या जरा. हाडं गार पडत्यात." दुसरा बदल असा की ते मागे राहू लागले. आठ हंगाम ते पुढे आणि मी धापा टाकत मागे, असा शिरस्ता होता. पुढे गेलेला माणूस चढाच्या माथ्यावर थांबून, सायकल टेकवून, माझ्याकडे बघत तंबाखू मळायचा. आता मी पुढे होतो. मला वाटलं, माझा दम वाढला. चहाच्या टपरीवर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेला ग्लास त्यांच्याच कोपराने पडला. पुढच्या रविवारी पुन्हा पडला. अंक हातात दिला तर म्हणायचे, "तुमीच वाचा. तुमी लिवलेलं तुमच्याच तोंडनं बरं वाटतं." हे सगळं मी पाहिलं. एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नाही.

तिसऱ्या रविवारी, चढापलीकडच्या गावात, रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर घेवडा वाळत घातला होता. मी उजवीकडून गेलो. मागे सायकल घेवड्यात शिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तानूबाईंचा. तानूबाई म्हणजे त्या घेवड्याच्या मालकीण, हातात दाताळं, डोक्यावर पोतं.

"आवं सुभेदार, सरकारनं एवढा रस्ता केलाय, त्यो सोडून माझ्या घेवड्यातनं कुठं निगालाय?"

"मळणी करून दिली, मावशी. मजुरी मागत न्हाई."

"चुरा केला की समदा. ह्या मळणीचं पिठलं करू व्हय?"

"करा. परतताना येतो जेवायला."

तानूबाई हसल्या. सुभेदारही हसले. पण ते सायकलवर परत बसले नाहीत. गाव संपेपर्यंत चालत आले, आणि मैलाच्या दगडावर बसून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "संपादक, मला घेवडा दिसला न्हाई."

बातमीदाराला पहिल्यांदा शिकवतात ते हे, समोरचा बोलू लागला की मध्ये पडायचं नाही.

"समोरचं दिसतं. चाळणीतनं बघितल्यागत. बाजूचं न्हाई दिसत. तुमी म्होरं हाय म्हणून मी येतोय. तुमी पायडल मारायचं थांबलासा की ती टकटक हुती, तिच्या मागनं."

"केव्हापासून?"

"बेंदरापासनं असंल. मोत्या हाय त्यो. आमच्या आण्णांना बी हुता. कच्चा मोत्या काढत न्हाईत, पिकू द्यावा लागतो. ऊस गेला की जातो मिरजंला. तवर पिकंल."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा आषाढातला बैलपोळा, आणि मोत्या म्हणजे मोतीबिंदू. आमच्या भागात तो उसासारखा पिकतो आणि पिकल्यावर काढतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मीही ऐकलेलं होतं. खरं तर त्याच आठवड्यात आमच्या आरोग्याच्या पानावर एक लेख गेला होता. मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची नसते, आणि बाजूचं दिसेनासं होणं हे वेगळ्याच, काचबिंदू नावाच्या आजाराचं लक्षण असतं, त्यात गेलेली नजर परत येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो लेख मी वाचला होता. शुद्धलेखनासाठी.

"ह्यातलं छापायचं न्हाई," सुभेदार म्हणाले. "आन घरात बी सांगायचं न्हाई. तिला कळलं तर सायकल कुलपात जाईल. ह्यो एक हंगाम मिळू द्या मला. कारखाना पेटला की मी स्वताहून उतरतो."

मी हो म्हटलं. माणसाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, ही आमच्या धंद्यातली एकमेव गोष्ट जी मी कधी मोडली नव्हती.

मग ते उठले आणि नेहमीच्या आवाजात नियम सांगितले. माझ्या फ्रीव्हीलला तेल घालायचं नाही. दर वीस फेऱ्यांनी पाय थांबवायचे, टकटक ऐकवायची. रस्त्यावर काही पसरलेलं असलं तर घंटी एकदा, वाहन आलं तर दोनदा. आणि मागे वळून पाहायचं नाही.

"का?"

"मागं बघितलं की तुमचं हँडल हलतं. हँडल हललं की आवाज हलतो. आन दुसरं म्हणजे, माझ्याकडं कुणी बघत असलं की मला येत न्हाई."

त्या हंगामातले उरलेले रविवार मी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त आठवतो. वीस फेरे, टकटक. वीस फेरे, टकटक. मागे त्यांच्या टायरचा डांबरावरचा अगदी हलका आवाज, आणि त्यांचं बोलणं. न बघता ते रस्ता सांगत येत. "आता मोरी आली." पुलाच्या मोरीवर टायरचा आवाज पोकळ होतो. "डावीकडं आल्याचं रान." वासावरून. "हितं उतार लागला की वेड्या राघूंचा थवा तारंवर असतो, हाय का?" मी वर बघायचो, थवा असायचा. "हाय," मी म्हणायचो. आधीच्या आठ हंगामांत मी तो थवा पाहिला नव्हता. तारेवर सारख्या अंतराने बसलेले बारीक हिरवे पक्षी. एखादा उडायचा, हवेत किडा पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा.

रस्ता रिकामा होता म्हणून हे जमत होतं. आवाज एकच होता, आणि तो माझा होता.

वहिनींनी मला एकदाच विचारलं. सुभेदार आत टोपी आणायला गेले होते. त्या अंगणात सोयाबीनच्या काडाची भारी बांधत होत्या. हात थांबवून त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांना दिसतंय न्हवं नीट? परवा मीठ म्हणून सोडा दिला मला हातात."

मी म्हणालो, "माझ्यासोबत असताना तरी त्यांना काही अडचण आलेली नाही."

ते वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा तपासलं आहे. त्यात चुकीचा एकही शब्द नाही. कारखान्याचे किंवा इस्पितळांचे प्रवक्ते अशी वाक्यं द्यायचे आणि आम्ही ती छापताना हसायचो. वहिनींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग बरं," त्या म्हणाल्या आणि भारी ओढून गाठ मारली.

शेवटच्या रविवारी आम्ही औंधच्या पायथ्यापर्यंत जाणार होतो. गळीत हंगाम पुढच्या आठवड्यात सुरू होणार, ही बातमी मीच लावली होती. तारीख बरोबर होती. ऊसतोडणीच्या टोळ्या तारखेच्या आधी येतात, हे त्या बातमीत नव्हतं. ते या भागात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून बातमीत नव्हतं. मलाही माहीत होतं.

चिंच मागे पडली. मी मनात मोजत होतो. शंभरेक फेऱ्यांवर समोरच्या वळणातून ट्रॅक्टर निघाला. मागे दोन ट्रेलर, त्यांत माणसं, भांडी, बाजा, शेळ्या, लहान मुलं, आणि पुढे चालकाच्या डोक्याशी बांधलेला कर्णा, त्यावर गाणं लागलेलं. मी घंटी दोनदा वाजवली. माझी मलाच ऐकू आली नाही. ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. ट्रेलरमधल्या एका बाईने मला हात केला. धूळ बसायला वेळ लागला. मी चालवत राहिलो. वीस फेरे, टकटक. नियम होता, मी मागे पाहिलं नाही. वळण घेतलं, चढ लागला, आणि चढावर मला कळलं की मागे टायरचा आवाज नाही.

मी परत आलो तेव्हा सुभेदार रस्त्यावर नव्हते. कडेच्या आल्याच्या वाफ्यांत, दहा-बारा पावलं आत, सायकल हातात धरून सरळ उभे होते. पडलेले नव्हते. कपड्यांना मातीही नव्हती. ट्रॅक्टरचा आवाज अंगावर आला तसं त्यांनी हँडल डावीकडे घेतलं, चाक मऊ मातीत रुतलं, ते उतरले आणि थांबले. थांबून राहिले. त्यांची पाठ रस्त्याकडे होती.

"गेलं का समदे?" त्यांनी विचारलं.

ट्रॅक्टर जाऊन बराच वेळ झाला होता. रस्त्यावर काही नव्हतं. टिटवी ओरडत होती.

"गेले," मी म्हटलं.

"मग रस्ता कुठल्या अंगाला हाय, तेवढं सांगा."

त्यांनी माझ्या कॅरिअरवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपली सायकल धरली. तसे आम्ही घरापर्यंत चालत आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "पंक्चर झाली म्हणून सांगू." सायकल पंक्चर नव्हती. घराच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ, मी वाकलो आणि त्यांच्या मागच्या चाकाची हवा सोडली. शेवटपर्यंत, ट्यूब चपटी होईपर्यंत. सुभेदार फुसफुस थांबेपर्यंत उभे राहिले. वहिनी दारात आल्या. चाकाकडे पाहून त्यांनी विचारलं, "पंक्चर व्हय?"

"हवा गेली," मी म्हटलं.

हेही खरं होतं.

माघात ऊस गेला आणि आम्ही तिघं मिरजेला गेलो. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी दोन्ही डोळ्यांवर दिवा धरला, दाब मोजला, बाजूने बोटं नेऊन विचारलं. मोतीबिंदू थोडा आहे, ते म्हणाले, पण नजर त्याने गेलेली नाही. हा काचबिंदू आहे. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते राखायचा प्रयत्न करू, पण राहिलंय थोडं.

"कमी दिसायला कधीपासून लागलं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासनं," सुभेदार म्हणाले.

डॉक्टर लिहू लागले. मी म्हणालो, "त्याच्या बरंच आधीपासून. बेंदरापासून."

कागदावर तारीख चुकीची जाऊ नये, एवढ्यासाठी मी बोललो. डॉक्टरांनी आधीचं खोडून दुरुस्त केलं. तेव्हाच आला असता तर, असं म्हणून ते थांबले आणि थेंबांची चिठ्ठी लिहू लागले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"तुमाला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. सुभेदारांनी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला. "मीच सांगितलं हुतं त्यांना, की..." वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या, सुभेदार मध्ये, मी कडेला. विट्याला वहिनींनी तिघांसाठी केळी घेतली आणि मला माझं केळं दिलं. त्यानंतर त्यांनी मला भावजी म्हटलेलं नाही.

राहिलं होतं ते पुढच्या दोन पावसाळ्यांत गेलं. थेंब चालू होते.

मी जायचं थांबवलं नाही. थांबवणं सोपं पडलं असतं. निवृत्त झाल्यावर तर रविवारचीही गरज उरली नाही. हंगामात मी आठवड्यातून दोनदा जातो, रस्ता करून येतो आणि परतताना त्यांच्या ओट्यावर बसतो. घर येण्याआधी पाय थांबवतो. टकटक ऐकली की ते मान वर करतात. मग विचारतात, "रिपोर्ट द्या."

मी रिपोर्ट देतो. घेवडा कुठे पसरलाय, ज्वारी किती उगवली, मोरीखालून पाणी वाहतंय की थांबलं, राघू आले का. विशेषणं त्यांना चालत नाहीत. "छान म्हंजे काय? उंची सांगा," असं ज्वारीबद्दल एकदा म्हणाले होते. वहिनी चहा आणून आमच्या मध्ये ठेवतात आणि आत जातात. सुभेदारांचा ग्लास त्या त्यांच्या बोटांना लावून मगच सोडतात. माझा ओट्यावर ठेवतात.

या वर्षी श्रावणात रस्ता रुंद करायला सुरुवात झाली. काम पावसाने अडलं, पण झाडं आधीच गेली. चिंचेच्या जागी आता पिवळसर लाकडाचा खुंट आहे, मधोमध पोकळ, आणि बाजूला मुरमाचा ढीग. हंगामाच्या पहिल्या रिपोर्टात मी चिंच सांगितली नाही. दुसऱ्या रिपोर्टातही नाही. चिंच उभी आहे, असंही म्हटलं नाही. दारातून निघालो, मोरी, आल्याचं रान, वळण, असा क्रम लावला. या प्रकारचं लिखाण मला येतं.

आज त्यांनी थांबवलं.

"चिंच ऱ्हायली."

वहिनी अंगणात सोयाबीन पाखडत होत्या. सूप हलायचं थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मिरजेला बघितलं तसंच. त्यांना चिंचेचं ठाऊक होतं. त्याच रस्त्याने त्या रानात जातात. त्यांनीही सांगितलं नव्हतं. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"चिंच तोडली," मी म्हटलं. "श्रावणात. रस्ता रुंद होतोय. मी दोनदा तिथून आलो आणि तुम्हाला सांगितलं नाही."

सुभेदारांनी चहाचा ग्लास ओट्यावर ठेवला, बोटांनी कड चाचपून, नीट आत.

"मंग आता वळण कुठनं धरायचं?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही. चार वर्षं ते सायकलवर बसलेले नाहीत. मग कळलं. त्यांच्या दारापासून तीनशे साठ, चिंचेपासून दोनशे दहा. हा रस्ता ते रोज करत होते, आणि या दोन आठवड्यांत मी त्यांना नसलेल्या झाडावरून वळणापर्यंत नेत होतो.

"मोरीपासून मोजून येतो," मी म्हटलं.

"तुमच्या सायकलीवर मोजून काय उपेग? तुमचं गिअर येगळं."

ते बरोबर होतं. वहिनी उठल्या, हात झटकले आणि गोठ्याच्या बाजूला गेल्या. काळी सायकल घेऊन आल्या. धूळ नव्हती. मी सवयीने मागचं चाक दाबून पाहिलं. कडक होतं.

"हवा हाय," त्या म्हणाल्या. "दर आठ दिसाला भरती. तवा गेली हुती न्हवं. तवापास्नं मीच बघती."

त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसल्या.

खुंटाला कोणीतरी सोयाबीनची पोती टेकवून ठेवली होती. तो ओलांडून मी मोरीपर्यंत गेलो, उतरलो, डावं पायडल खाली आणून ठेवलं आणि तिथून डाव्या वळणापर्यंत मोजायला लागलो. सायकल आवाज करत नव्हती. खात्री करायला परत मोरीवर आलो आणि पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा एकशे एकोणपन्नास.

परत आलो ते त्यांना ऐकू आलं नाही, मी घंटी वाजवली तेव्हा कळलं. आकडा सांगितला. त्यांनी तो एकदा म्हटला, मोठ्याने. मग हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांची उजवी टाच जमिनीवरून किंचित उचलली आणि टेकली, पुन्हा उचलली आणि टेकली. चढ नसलेल्या रस्त्याची, सारखी लय. मी सायकल धरून उभा होतो. सूप थांबलेलं होतं. मीही मनात मोजत होतो.

एकशे एकोणपन्नासाव्या फेऱ्याला त्यांचा डावा खांदा जरासा खाली आला.